उघड्यावरचे बारा निवडुंग

३ ऑक्टोबर

आज बागप्रेमी मंडळाच्या सभेत मी पंचवीस मिनिटं बोलले. वेळ सात मिनिटांची दिली होती. कुणी अडवलं नाही, कारण अडवायला उभं राहावं लागतं आणि या मंडळात उभं राहायची सवय फक्त मला आहे.

विषय चिटणिसांचा होता: आपल्या हवेत निवडुंग वाढवता येतात का? चिटणीस म्हणजे बारा महिने छत्री. सभागृहातसुद्धा मांडीवर छत्री घेऊन बसतात, न जाणो छत गळलं तर! त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडे आठ महिने पाऊस आणि उरलेले चार महिने पावसाची धास्ती. तेव्हा निवडुंग खिडकीच्या आत, काचेमागे, बशीत ठेवावेत. चाळीस माना एकदम डोलल्या. मान डोलावणं हाच या गावाचा व्यायाम आहे.

मग मी उठले. म्हटलं, जो जीव खडकातून वर आला, ज्यानं अंगभर काटे धारण केले, त्याला तुम्ही बशीत बसवता? शेजारी चिनी मातीचं बदक ठेवता? भित्री तुम्ही आहात, निवडुंग नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी बदकाच्या उल्लेखावर मान खाली घातली. त्यांच्याकडे नक्की बदक आहे.

शेवटी मी प्रतिज्ञा केली. माझ्या परसात, उघड्या जमिनीवर बारा निवडुंग लावीन. काच नाही, प्लास्टिक नाही, छप्पर नाही. एप्रिलच्या सभेपर्यंत सहा जरी जगले, तरी वाचनालयाच्या दक्षिण भिंतीलगतची मोकळी पट्टी मंडळानं निवडुंगाच्या बागेला द्यावी. (तिथे सायकलस्टँड व्हावा हे चिटणिसांचं स्वप्न आहे. माणसाला स्वप्नं तरी कसली पडावीत!) आणि सहा जगले नाहीत, तर मी अध्यक्षपद सोडीन आणि त्या सभागृहात पुन्हा भाषण करणार नाही.

हे शेवटचं कुणी मागितलं नव्हतं. ओघात निघालं. चिटणिसांनी ते मात्र तत्परतेनं इतिवृत्तात लिहून घेतलं.

घरी आल्यावर धाकटीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "काच नको, असं कशाला बोललीस ताई?" एवढंच म्हणाली. चाळीस लोक थरारले, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला दिसली ती काच.

७ ऑक्टोबर

धाकटीला घेऊन रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईंना मी मनातल्या मनात खडीवाली असं नाव दिलं आहे. त्यांचं प्रत्येक वाक्य खडीवर जाऊन थांबतं.

"थंडीनं नाही हो मरत हे. थंडीत पाय ओले राहिले की मरतात. निम्मी माती, निम्मी खडी घाला. नाहीतर असं करा, खडीच जास्त घाला."

"घालू."

"उतार करा. आणि हिवाळाभर वरून एक काच. बाजू मोकळ्या ठेवायच्या, वारा खेळला पाहिजे. फक्त डोक्यावर पाणी नको."

"काच नाही."

"मग पत्रा?"

"पत्राही नाही."

बाईंनी माझ्याकडे, मग धाकटीकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि रोपं कागदात गुंडाळायला लागल्या. विकायचं असलं की माणसं पटकन गप्प होतात.

चपट्या फड्यांचे पाच निवडुंग, चार गोल आणि तीन खांबासारखे उभे घेतले. धाकटी आत वीस मिनिटं बोलत बसली. मी बाहेर पावसात. विचारलं, काय एवढं गुफ्तगू? म्हणाली, "काही नाही, खडीचं."

१४ ऑक्टोबर

वाफा तयार. स्वयंपाकघरामागे, दक्षिणेच्या भिंतीला, चांगला हातभर उंच, पुढे उतरता. खाली विटांचे तुकडे, मधे खडी आणि जाड वाळू, वर पुन्हा बारीक खडी. विटा धाकटीनं वाहिल्या. मी दिशा दिली.

लावताना फड्या निवडुंगाचे सात फडे तुटले. मी फेकणार होते. धाकटीनं ते भाजायच्या जुन्या, तळाला भोकं पडलेल्या ट्रेमध्ये खडी घालून वर ठेवले आणि ट्रे नेऊन कोळशाच्या खोलीच्या कठड्यावर, वळचणीखाली सरकवला.

"कचरा आहे तो," मी म्हटलं.

"असू दे. कचऱ्याला फार जागा लागत नाही."

हा तिचा स्वभाव. काहीही फेकवत नाही. नोकरीसुद्धा फेकवली नाही तिला, पण तो विषय आज नको.

१९ नोव्हेंबर

अकरा दिवस सलग पाऊस. चिटणीस वाचनालयात भेटले, छत्री निथळत होती, चेहरा दुखवट्याला आल्यासारखा.

"काय म्हणतायत आपले निवडुंग, बाई?"

"उभे आहेत. तुमच्या मंडळातलं एवढंच उभं आहे."

खरंच उभे आहेत. बाराच्या बारा. मी रोज अकरा ते चार वाचनालयात असते. परतल्यावर पहिली वाफ्यावर जाते. आश्चर्य म्हणजे एवढ्या पावसात वरची खडी जवळजवळ कोरडी! याला म्हणतात उतार. पाणी येतं आणि निघून जातं. धाकटीला मुद्दाम बोलावून दाखवलं. "हो, उतार चांगला झालाय," म्हणाली आणि पदराला हात पुसत आत गेली. तिचे हात हल्ली सारखे ओले असतात.

एक तक्रार लिहून ठेवते. माडीवरच्या खिडकीची काढलेली जुनी काच या घरात रोज जागा बदलते. कधी मागच्या दाराशी, कधी कोळशाच्या खोलीला टेकवलेली, आणि दर वेळी चिंब. आज पाय लागता लागता वाचला. धाकटीला म्हटलं, एका जागी ठेव ना बाई ती! म्हणाली, ठेवते.

२ डिसेंबर

मंडळातल्या बदकवाल्या बाई घरी आल्या. वाफा पाहून "अगंबाई" म्हणाल्या. त्यांना मी उताराचं तत्त्व समजावलं. अर्धा तास. जाताना म्हणाल्या, त्यांचा खिडकीतला निवडुंग गेला. पाणी जास्त झालं म्हणे. लाडानं मारलं, दुसरं काय.

९ डिसेंबर

पाच दिवस कडक थंडी. सकाळी खडीवर गोठलेल्या दहिवराची पांढरी साय. आणि आज जे पाहिलं त्यानं संताप आला.

फडे सुरकुतले आहेत. रंग जांभळट, म्हाताऱ्या बाईच्या गालासारखे आत ओढलेले. उभे होते ते कलले, दोन तर चक्क आडवे झोपले आहेत. गोल होते ते जमिनीत शिरू पाहत आहेत. एवढ्या थंडीला शरण! ज्यांच्यासाठी मी चाळीस लोकांसमोर गळा कोरडा केला, ते पहिल्या फटक्यात लोटांगण घालून मोकळे!

धाकटी म्हणाली, "ते मरत नाहीयेत ताई. अंगातलं पाणी सोडतायत. आत पाणी राहिलं आणि गोठलं, तर फुटतील ना. थंडी गेली की उठतात."

"तुला कोणी सांगितलं?"

"रोपवाटिकेतल्या बाईंनी. आणि दिसतंय की."

मग मला बोलावंच लागलं. मी म्हटलं, आडवं होऊन जगायचं हे तुझ्याइतकं कुणाला कळणार! एकतीस वर्षांपूर्वी शिक्षकांचा संप झाला, तेव्हा एकशेचार जणांत पहिली सही तुझी होती. 'पुन्हा संपात भाग घेणार नाही' अशा हमीपत्रावर! मी बडतर्फ झाले, मान वर ठेवून. तू सोमवारी खडू घेऊन वर्गात हजर. त्या दिवशी तू जे सोडलंस, ते काही पाणी नव्हतं.

ती कधीच बोलत नाही. तिच्याशी वाद घालणं म्हणजे उशीवर बुक्क्या मारणं.

"आणि आजपासून माझ्या वाफ्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"कशालाच?"

"कशालाच म्हणजे काय? वाफा म्हणजे वाफा."

"बरं."

१० डिसेंबर

मागच्या दाराशी असलेली काच माडीवर गेली. शेवटी एकदाची शिस्त आली घरात. रागावल्याशिवाय या बाईला कळत नाही.

२७ डिसेंबर

चिटणिसांची चिठ्ठी. अकरा जानेवारीला मंडळाची पाहणी समिती 'प्रयोगाच्या प्रगतीचे अवलोकन' करायला येणार. अवलोकन! हा माणूस स्वतःची चप्पल हरवली तरी अवलोकन करत असेल.

आणि माझे शिलेदार परसात पालथे पडलेले. हे दृश्य समितीला दाखवायचं? कदापि नाही. उपाय साधा आहे. सुरकुती म्हणजे तहान. तहान म्हणजे पाणी. आजपासून रोज सकाळी कोमट पाण्याचा तांब्या, त्यात चिमूटभर खत, आणि आडव्यांना काठीचा आधार.

धाकटी खिडकीतून पाहत होती. खिडकी उघडून म्हणाली, "ताई, आत्ता पाणी पाजू नकोस. तहान नाहीये त्यांना."

मी म्हटलं, तुला मी काय सांगितलंय? तिनं खिडकी लावून घेतली.

६ जानेवारी

हवा आठवडाभर ऊबदार आहे, आणि माझे निवडुंग उठले! फडे भरले, सुरकुत्या गेल्या, हिरवेगार. धाकटीचा वळचणीखालचा कचरा मात्र तसाच, चुरगळलेल्या पाकिटांसारखा खडीला चिकटून. ट्रे उचलून तिच्या नाकासमोर धरला. म्हटलं, बघ, इच्छाशक्तीचा फरक! ती म्हणाली, "ट्रे हलवू नकोस, मुळं धरतायत." मुळं! त्या चिंध्यांना!

११ जानेवारी

विजय. चिटणीस, बदकवाल्या बाई आणि आणखी तिघे. छत्र्या पाच. चिटणिसांनी वाकून बारा मोजले, पुन्हा मोजले, मग सरळ होऊन म्हणाले, "मानलं बाई तुम्हाला."

मी तिथेच पंधरा मिनिटं बोलले. ताठ उभं राहणं हीच जगण्याची पहिली अट आहे, असं काहीसं. शेजारच्यांनी मधेच खिडकी लावली. सत्य सगळ्यांना सोसत नाही. धाकटीनं सगळ्यांना चहा दिला. मी 'ताठ' म्हटलं तेव्हा तिच्या हातातल्या बशीत चहा सांडला.

१९ जानेवारी

तीन दिवस संततधार. काल संध्याकाळपासून आकाश निरभ्र आणि थंडी अशी की अंगणातली बादली तळापर्यंत गोठली. निवडुंग चमकतायत, काचेचे केल्यासारखे. सुंदर दिसतात, खोटं कशाला बोलू.

२४ जानेवारी

बर्फ वितळलं. चार फडे काठ्यांना ओल्या मोज्यांसारखे लोंबतायत.

२६ जानेवारी

वास येतो.

८ फेब्रुवारी

नऊ गेले. खडीवालीनं रोगट माल दिला, यात शंका नाही. हवामानानं दगा दिला. शिवाय जानेवारीच्या मध्याला पाहणी ठेवणं हा चिटणिसांचा डाव होता, हे आता लक्षात येतंय. एप्रिलसाठी भाषणाचा मसुदा सुरू केला. 'पराभव कुणाचा?' पहिली चार पानं उतरली आहेत. जोरदार आहेत.

२१ फेब्रुवारी

शेवटचा गोल निवडुंग हिरवा दिसत होता. आशेनं हात लावला, तर टोपी उचलावी तसा वरचा भाग हातात आला. खाली चिखल. खुरपं घेऊन वाफा उकरला. वरची खडी धुतल्यासारखी स्वच्छ आणि वीतभर खाली, विटांच्या खापऱ्यांत साठलेलं, थंड, खताचा वास येणारं पाणी. ते काही सगळं पावसाचं नव्हतं. पंधरा दिवस, रोज एक तांब्या.

बारापैकी शून्य.

धाकटीनं दारातून पाहिलं. आत जाऊन माझ्यासाठी गरम पाणी घेऊन आली, हात धुवायला. "सांगितलं होतं" असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

१५ मार्च

दोन दिवस ऊन. आज सकाळी धाकटीनं हाक मारली. "ताई, इकडे ये जरा."

वळचणीखालचा ट्रे. सातही फडे खडीवरून वर उठले आहेत. सुरकुत्या अजून आहेत, पण जांभळा रंग ओसरतोय, आणि एकाच्या कडेला गहू चिकटावा तसा लालसर कोंब. अख्खा हिवाळा त्यांना कुणी पाणी दिलं नाही, काठी दिली नाही, भाषणही दिलं नाही.

"हे ने सभेला," ती म्हणाली. "सात आहेत. तुला सहाच हवे होते. तुझ्याच निवडुंगांचे आहेत आणि बाहेरच होते सगळा हिवाळा."

"वर वळचण होती."

"वळचण म्हणजे छप्पर नाही. आणि तू भाषणात काच म्हणालीस, प्लास्टिक म्हणालीस, छप्पर म्हणालीस. वळचण नको म्हणाली नव्हतीस. मी इतिवृत्त वाचलंय."

एकतीस वर्षं मुकी म्हणून जिची संभावना केली, ती बाई वकील निघाली.

२२ मार्च

भाषण नव्यानं लिहिलं. 'सात जिवांची साक्ष'. आरशासमोर म्हणून पाहिलं, अठरा मिनिटं. चिटणीस गारद होतील. एकही वाक्य खोटं नाही. एकही वाक्य खरंही नाही, पण ते सभेत कुणाच्या लक्षात यायचं नाही. माझ्या भाषणांत आजवर कुणाच्या लक्षात आलंय?

३० मार्च

ट्रे न्यायला खोकं हवं म्हणून माडीवर गेले. तिथे ती काच. धुळीची असेल वाटलं होतं. धूळ नव्हती. वरच्या बाजूला पावसाच्या पाण्याचे सुकलेले ओघळ. खालच्या बाजूला चार कोपऱ्यांत जुन्या चपलेचं रबर कापून चिकटवलेलं, टेकूच्या विटांवरून घसरू नये म्हणून. रबरात बारीक खडी रुतली होती. आमच्याच वाफ्यातली. ती राखाडी खडी मीच निवडली होती.

अकरा दिवसांचा पाऊस आठवला. कोरडी खडी आठवली. उताराचं तत्त्व मी किती जणांना समजावलं, ते मोजत पायरीवर बसले. सात जणांना, बदकवाल्या बाई धरून.

खाली आले. ती कणीक मळत होती. मी विचारलं, "दोन महिने रोज ठेवायचीस?"

"मी पाचला उठतेच. तू नऊला उठायच्या आत काढायची. तू वाचनालयात गेलीस की पुन्हा ठेवायची, चारच्या आत काढायची. संध्याकाळी अंधारात तू परसात येत नाहीस."

"आणि मी हात लावू नको म्हटलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत होतीस."

मग मी ते विचारलं, जे एकतीस वर्षं फक्त ऐकवत आले होते. "सही का केलीस तेव्हा?"

तिनं कणकेचे हात झटकले. "आईचं औषध संपलं होतं, ताई. घरी आले तर तू नव्हतीस. मैदानात तुझं भाषण चालू होतं. आवाज इथपर्यंत येत होता. छान बोलत होतीस."

उपरोध नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. त्यानंतर सहा वर्षं मला कुणी नोकरी दिली नाही आणि मी मान वर ठेवून दोन्ही वेळ जेवत होते. कुठून जेवत होते, हा प्रश्न माझ्या एकाही भाषणात आलेला नाही.

५ एप्रिल

सभा. चिटणिसांनी इतिवृत्त वाचलं, माझ्या प्रतिज्ञेवर आवाज विशेष स्वच्छ करून. मी उठले. अठरा मिनिटांचं भाषण पिशवीतच होतं.

म्हटलं, "बारापैकी एकही जगला नाही. काच नको म्हणणं ही चूक होती आणि हिवाळ्यात पाणी घालणं हा मूर्खपणा होता, दोन्ही माझंच. या ट्रेमधले सात माझ्या धाकट्या बहिणीनं जगवले आहेत. पुढचं तिला विचारा."

आणि बसले. चिटणीस घड्याळाकडे बघतच राहिले. "बाई, अजून सहा मिनिटं आहेत तुमची."

"ठेवा तुमच्याकडे," मी म्हटलं.

धाकटीला उभं करावं लागलं. ती ट्रेकडे बघूनच बोलली. "थंडीत ते आडवे होतात. होऊ द्यायचं. पाणी घालायचं नाही, उठवायला जायचं नाही. पाऊस फार असेल तर वरून काच धरायची. थंडी गेली की आपले आपण उठतात." बस. हातवारे नाहीत, चढउतार नाही, आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नव्हता. वक्तृत्व म्हणून दहापैकी दोन गुण. पण मागच्या रांगांतले लोक ऐकू यावं म्हणून उठून पुढे आले. माझ्या भाषणात लोक मागे टेकून बसतात.

बदकवाल्या बाईंनी प्रश्न विचारला. मग आणखी एकानं. शेवटी चिटणीस म्हणाले, पट्टीचा अर्धा भाग बागेला देऊ, अर्धा सायकलस्टँडला. धाकटी म्हणाली, "चालेल. मला ऊन येतं ती बाजू द्या." एका मिनिटात! मी असते तर अख्खी भिंत मागितली असती.

आणि काहीही मिळालं नसतं, हेही लिहून ठेवते.

अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. खुर्चीवर चिटणीस बसले. छत्री मांडीवर.

१७ एप्रिल

सात फडे वाचनालयाच्या भिंतीलगत लावून झाले. विटा या वेळी मी वाहिल्या. दिशा तिनं दिली, फारच थोड्या शब्दांत. 'उजवीकडे' आणि 'तिथे नको' एवढ्यावर बाई बाग करते.

दुपारी अचानक आभाळ फाटलं. धाकटी खडी आणायला रोपवाटिकेत गेलेली, आणि मुळं अजून नवी. काच घरी होती. मी घेऊन निघाले.

वाचनालय घरापासून दोनशे सत्तर पावलं. चिटणीस दारात छत्री उघडत होते, त्यांनी काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरावी लागते ती काच, आणि भलतीच जड आहे. ती घेऊन चालताना बोलायला दम पुरत नाही.